तेवीस क्लबांची सावड

आमच्या ह्यांचं गोल्फ क्लबाचं कार्ड गेलं ते माझ्यामुळे. हे मीच आधी सांगून टाकते, कारण कासूपासून रोह्यापर्यंत ही गोष्ट जो तो आपल्या चवीनं सांगतो आणि माझ्या तोंडी अशी वाक्यं घालतो जी मी बोललेच नाही. मी बोलले ती त्याहून वाईट होती, पण निदान माझी होती.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी एका कंपनीचा गोल्फ क्लब आहे. आमचे हे, दत्तात्रेय, तिथं चौतीस वर्षं माळी होते. लागले तेव्हा गवत कापायला, सुटले तेव्हा हेडमाळी. नऊ भोकांचं मैदान. प्रत्येक भोकाभोवती गालिच्यासारखं गोल गवत असतं, त्याला ते लोक ग्रीन म्हणतात. नवव्या भोकाची ग्रीन ह्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. निवृत्तीच्या दिवशी तेव्हाच्या चेअरमनसाहेबांनी ह्यांना शाल दिली, नारळ दिला आणि एक कार्ड दिलं. मानद आजीव सभासद. माळ्याला कार्ड मिळाल्याचं त्या क्लबात ते पहिलंच. पुढं चेअरमनसाहेब देवाघरी गेले, शालीचं सुनेनं बाळाचं दुपटं केलं, नारळाच्या मी वड्या केल्या. कार्ड राहिलं.

आता हा माणूस त्या कार्डाचं काय करायचा, तर दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट चढवायचा, कासूला गाडी धरायची, रोह्याला उतरायचं आणि क्लबाच्या पुढच्या गेटातून आत जायचं. गेटावरचा शिवा उठून सलाम ठोकायचा. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायचं, एक चहा घ्यायचा, दीड-दोन तास गवत बघायचं आणि जेवणाला घरी. चौतीस वर्षं हा माणूस मागच्या गेटानं आत गेला होता, सायकल हातात धरून. पुढच्या गेटानं जायला मिळतं, एवढंच त्यांना त्या कार्डाचं होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी केलं.

माझा स्वभावच असा की वापराविना पडलेली वस्तू मला दिसत नाही. लग्नात आलेले तांबे मी वापरले, पुरात वाहून आलेला दरवाजा मी गोठ्याला लावला. आणि इथं एक अख्खा क्लब खिशात घालून माणूस एक कप चहा पिऊन परत येतो. त्यात गेल्या दिवाळीला क्लबाकडून सभासदांना नवी पुस्तिका आली. चकचकीत कागद, इंग्रजी मजकूर. माझी सून सुरभी पेणला पंचायत समितीत कारकून आहे. तिच्यापुढं पुस्तिका टाकून मी म्हटलं, "वाच."

"आई, ह्यात लिहिलंय की आपल्या क्लबाचा देशातल्या तेवीस क्लबांशी करार हाय. आपले सभासद तिकडं गेले की त्यांना घरच्या सभासदासारखं वागवायचं. खाणं, राहायची खोली, सगळं. आणि तिकडचे इकडं आले की आपण तसंच वागवायचं."

"म्हणजे सावड."

सुरभी हसली. तिचं माहेर पेण शहरातलं, ती काय सावड जाणणार. आमच्याकडं लावणीला मजूर लावत नाहीत. आज आम्ही दहाजणं तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या तुम्ही दहाजणं आमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. काम आधी, मग जेवण. आणि ज्याच्याकडं दुसऱ्यांनी लावणी केली आणि तो मात्र दुसऱ्याच्या खाचरात उतरला नाही, त्याच्या घरात मुलगी द्यायला लोक दोनदा विचार करतात. माझं माहेर गागोद्याचं. तिथं एकानं सावड मोडली होती, त्याच्या नातवाला अजून त्यावरून ओळखतात.

"तेवीस घरांशी सावड," मी ह्यांना म्हटलं, "आणि तुम्ही एकाच्याही दारात गेला नाय?"

हे वाल निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ती खेळणाऱ्यांसाठी सोय असते. तुला नाय कळायचं त्यातलं."

माणसानं मला काहीही म्हणावं. आळशी म्हणावं, भांडकुदळ म्हणावं, त्यात थोडंफार तथ्य असतं. पण मला कळायचं नाही असं म्हटलं की माझं डोकं आपोआप चालायला लागतं आणि मग ते कुठं थांबायचं ते माझ्या हातात राहत नाही.

शेजारी हैबतराव राहतात. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे ज्या कागदावर शिक्का आहे तो कागद त्यांना देवासारखा. त्यांनी पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली.

"वैनी, हा हक्क हाय तुमचा. हक्क वापरला नाय की तो मरतो."

"मरतो म्हणजे?"

"आता पासाचंच बघा. मुदत संपली की आम्ही उतरवायचो. माणूस कितीबी ओळखीचा असू दे."

समोरची इंदुबाई पण आली होती. इंदुबाईला कुठंही जायचं असलं की तिला आधी त्या ठिकाणाची काळजी वाटायला लागते. "हौसा गो, ते लोक वाट बघत असतील," ती म्हणाली. "तेवीस घरचे."

मग मी ह्यांच्या मागं लागले. पंधरा दिवस. मी त्यांना काही बोलले नाही, नुसती भांडी जरा आवाज करून ठेवली. सोळाव्या दिवशी ते म्हणाले, "एकदाच. मग कार्डाचं नाव काढायचं नाय."

पण दुसऱ्या क्लबात जायचं तर आपल्या क्लबाचं पत्र लागतं. पत्रासाठी अर्ज लागतो. अर्जाला फोटो लागतो, फोटोत कॉलर दिसावी लागते. सेक्रेटरी अकरा ते एक बसतात आणि त्यातला पाऊण तास ते कुठंतरी गेलेले असतात. अर्जावर एक रकाना होता, आपण किती वर्षं खेळता. ह्यांनी तो कोरा सोडला. कारकून म्हणाला, कोरा चालत नाही. ह्यांनी लिहिलं, 'खेळलो नाही. चौतीस वर्षं खेळ बघितला.' कारकुनानं ते वाचलं, ह्यांच्याकडं पाहिलं आणि उठून शिक्का मारला. हे मला शिवानं नंतर सांगितलं. ह्यांनी सांगितलं नाही.

मार्गशीर्षात आम्ही निघालो, घाटावरच्या एका क्लबात. पत्रात सभासद आणि तीन पाहुणे असं होतं म्हणून मी, इंदुबाई आणि हैबतराव. ठरवून केलेली गाडी. मी वालाच्या शेंगांची पिशवी, पेणचे पापड आणि तीन खुरपी घेतली. ह्यांनी खुरपी पाहिली आणि विचारलं, "ही कशाला?" मी म्हटलं, "असू देत."

गेटावरच हैबतराव अडले. त्यांनी नवा कोरा नेहरूशर्ट घातला होता आणि तिथं कॉलर लागते. क्लबाच्याच दुकानातून एक टी-शर्ट घ्यावा लागला. गुलाबी. छातीवर एक माणूस काठी उगारून उभा. माझ्या नऊवारीला कुणी काही म्हणालं नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं, पारंपरिक पोशाख चालेल. हैबतराव दिवसभर हात छातीवर बांधून चालले, त्यामुळे तिथल्या लोकांना ते फार मोठे अधिकारी वाटले असावेत.

आत गेल्यावर एक टाय लावलेला माणूस आला आणि म्हणाला, "जेवण तयार आहे."

मी म्हटलं, "आधी काम."

तो काही समजला नाही. मी आणि इंदुबाई पदर खोचून खाली मैदानात गेलो. पहिल्याच ग्रीनवर मला लव्हाळा दिसला. चांगला मुळापासून रुजलेला. आम्ही बसलो आणि खुरप्यानं हलक्या हातानं काढायला लागलो. लावणीतलं तण बेणणारा हात आहे माझा, गवताच्या काडीला धक्का लागू देत नाही. वीसएक लव्हाळे निघाले असतील, तोवर आमच्याभोवती सातआठ माणसं काठ्या घेऊन उभी. चेंडू इंदुबाईच्या पायाशी येऊन थांबलेला. तिनं तो उचलून त्यांना परत दिला. त्यावर त्यातला एक डोकं धरून खालीच बसला. त्या चेंडूवर म्हणे त्यांची सकाळपासूनची पैज होती.

एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढं आले. फौजेतले कर्नल, निवृत्त. मराठी बोलत होते. "बाई, तुम्ही कोण?"

"रोह्याच्या क्लबातनं आलो. सावडीला."

"कशाला?"

मी त्यांना सांगितलं. काम आधी, जेवण मग, आणि पुढच्या वेळेला तुम्ही आमच्याकडं. ते ऐकत राहिले. मग इतके हसले की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. "पन्नास वर्षं क्लबात जातोय, कराराचा अर्थ आज कळला," ते म्हणाले. "मग आम्हाला यावं लागणार तर."

"यावंच लागेल. नाय आलात तर तुमच्या क्लबाचं नाव जाईल."

"किती जण येऊ?"

"कितीबी या. आमच्याकडं कमी पडत नाय."

ह्यांना मी शोधलं तर ते मैदानाच्या टोकाला तिथल्या माळ्याबरोबर उकिडवे बसलेले. दोघं मिळून चिमटीत माती घेऊन वास घेत होते. परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर ते म्हणाले, "गवत बरं हाय त्यांचं. पाणी जास्त देतात." आणि थोड्या वेळानं, "झाली ना तुझी हौस. आता संपलं."

कर्नलांना दिलेलं आमंत्रण मी त्यांना सांगितलं नाही. मोठी माणसं तोंडदेखलं हो म्हणतात, येतात कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. पण कर्नल फौजेतले. जानेवारीत सुरभीच्या फोनवर निरोप आला. अकरा जण, मंगळवारी, दुपारी बारा.

ह्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, घरी आण, पिठलं-भाकर घाल, क्लबात नको. हैबतरावांचं मत वेगळं पडलं. "वैनी, क्लबाची परतफेड क्लबातच. घरी घातलंत तर ती खाजगी बाब झाली." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटायचंच होतं. मला त्या व्हरांड्यात, त्या वेताच्या खुर्च्यांमध्ये, अकरा पाहुण्यांना वाढताना स्वतःला बघायचं होतं. आणि तुला नाय कळायचं म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं.

जानेवारीत पाहुणा आला की पोपटी. दुसरं काही घातलं तर रायगडात राहून उपयोग काय. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, मिठागरावरचं जाडं मीठ, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मग मडकं उलटं करून भोवती पेंढा नि गोवऱ्या लावायच्या आणि पेटवायचं. क्लबाच्या स्वयंपाकघरात हे होत नाही. हैबतरावांनी अर्ज लिहिला: 'सभासदातर्फे अकरा पाहुण्यांस पारंपरिक अल्पोपाहार देण्यास परवानगी मिळावी.' मंजूर झाला, शिक्क्यासकट. विस्तव लागणार हे आम्ही लपवलं नाही. विस्तवाचा रकानाच नव्हता.

ह्यांच्या डोळ्याची तपासणी शुक्रवारी होती. मी सुरभीला सांगितलं, मंगळवारी घे. ती म्हणाली, "आई, मंगळवार बाबांचा."

"एक मंगळवार. काय बिघडतंय?"

सुरभी त्यांना घेऊन पेणला गेली. जाताना त्यांनी साधा शर्ट घातला होता. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर होता आणि कार्ड त्याच्या खिशात. मी ते काढून घेतलं.

शिवानं कार्ड पाहिलं आणि गेट उघडलं. "काका कुठं?"

"येतात मागनं," मी म्हटलं. आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले आहे, गरज पडत नाही. ते एक बोलले.

पोपटीला जागा बघत मी आणि इंदुबाई मैदानातून फिरलो. वारा होता, नदीवरून येणारा. आणि एके ठिकाणी देवानं मांडून ठेवल्यासारखी जागा मिळाली. वाळूचा खड्डा, कमरेइतका खोल, तीन बाजूंनी बांध घातलेला. आत स्वच्छ चाळलेली वाळू. इंदुबाई म्हणाली, "बघ गो, पोपटीसाठी केलेली जागा. आणि म्हणतात हे लोक साहेबी." तो खड्डा चेंडू अडकावा म्हणून करतात. माझ्या नवऱ्यानं असले खड्डे चौतीस वर्षं सारखे केले, पण मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्ही दिवसभर करता काय.

आम्ही मडकं लावलं, पेटवलं. पाहुणे आले. कर्नलांनी सगळ्यांना खड्ड्याभोवती गोल उभं केलं आणि सावड म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. एक बाई फोटो काढत होती. शेंगांचा नि भांबुर्ड्याचा वास सुटला. तेवढा अर्धा तास, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मग वारा फिरला. पेटता पेंढा एका झोतानं उचलला गेला आणि खड्ड्याच्या वर जाऊन पडला. वर सुकं गवत ढीग करून ठेवलं होतं, आठवड्यापूर्वी कापलेलं. ते भडकलं, आणि त्याच्या ठिणग्या पलीकडच्या ग्रीनवर. हैबतराव गुलाबी टी-शर्ट काढून झोडपायला लागले. तो त्यांनी खास परतभेटीसाठी घातला होता. इंदुबाईनं ताकाची बरणी ओतली. पण ते गवत बारीक, दाट, मुळाशी वाळकं. विझल्यासारखं व्हायचं आणि हातभर पुढं काळं होत जायचं.

रोह्यात आमच्याकडं कारखान्यांच्या जवळ ओळखीचा नसलेला धूर दिसला की कुणी विचारत बसत नाही. कंपनीचा भोंगा झाला. पहिल्या शिफ्टची सगळी माणसं मैदानात रांगेत उभी करून मोजली. त्या रांगेत माझा मुलगा आदेश होता. त्यानं मागच्या माणसाला विचारलं म्हणे, "कुठला प्लांट गेला?" अग्निशमनाची गाडी घंटा वाजवत क्लबात शिरली, आणि टोप घातलेले चार गडी पाइप घेऊन धावत आले ते थेट माझ्या मडक्यापर्यंत.

त्यांनी पाणी मारायच्या आत मी मडकं बाहेर ओढलं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यात ही बाई मडकं बघते. पण अकरा माणसं घाट उतरून आली होती. मी पोपटी केळीच्या पानावर ओतली. एकाही शेंगेला डाग नव्हता. सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ली, अग्निशमनवाल्यांनीसुद्धा. कर्नल म्हणाले, "असं जेवण आयुष्यात झालं नाही." त्यांच्यामागं नववी ग्रीन अंगणाएवढी काळी पडून धुमसत होती. ती नववी आहे हे मला शिवानं सांगितलं. तो रडायच्या बेतात होता.

संध्याकाळी हे पेणहून आले, डोळ्यात औषध घातलेलं, चष्मा कपाळावर. गावानं त्यांना स्टेशनवरच सांगितलं होतं. मी उत्तरं तयार करून बसले होते. वाऱ्याला मी काय करणार, परवानगी होती, शिक्का होता. त्यांनी हातपाय धुतले, जेवले, मग म्हणाले, "नदीकडची बाजू जळली का आतली?"

"नदीकडची. आणि अर्धी आतली."

"हं," म्हणाले, आणि उठले.

आठ दिवसांनी पत्र आलं. सुरभीनं वाचलं. कमिटीनं ठरवलं होतं. कार्ड सभासदाखेरीज दुसऱ्यानं वापरलं, मैदानाचं नुकसान झालं, पाहुण्यांच्या वागण्याला सभासद जबाबदार. सबब मानद सभासदत्व रद्द. शिवाला ताकीद. तेवीस क्लबांना कळवण्यात आलं आहे. ह्यांनी पत्र घेतलं, घडी घातली, कार्ड त्यात ठेवलं आणि सुरभीला म्हणाले, "उद्या पोस्टानं पाठवून दे. नीट पाकिटात घाल."

त्यांनी मला एक शब्द ऐकवला असता तर मी चार ऐकवले असते आणि घर नेहमीसारखं चाललं असतं. पुढच्या मंगळवारी मी चुलीपाशी होते. हे आंघोळ करून आले, इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावली, केस विंचरले. उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं थांबले. मग परत आत येऊन एकेक बटण काढलं, शर्ट खुंटीला लावला आणि बंडी घालून खाचराकडं गेले. माझ्याकडं पाहिलं नाही. मी पाहत होते हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला माहीत नाही.

दुपारची गाडी धरून मी रोह्याला गेले. एकटी. माफी मागायची सवय मला नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, सासूचीसुद्धा मागितली नव्हती, तिनंच माझी एकदा मागितली होती. गाडीत मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पण' येत होतं.

क्लबाच्या सेक्रेटरी आता मृणाली मॅडम होत्या, नव्या आलेल्या. तरणी पोर, पण रीत होती तिला, उठून खुर्ची दिली.

"आजी, निर्णय कमिटीचा आहे. माझ्या हातात नाही."

"मला शिक्षा करा. कार्ड मी चोरलं. ह्यांना ठाऊकबी नव्हतं."

"मग माझं ऐका. तुमचं कार्ड असतं तर तुमचंच रद्द केलं असतं. तुमचं नव्हतं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. नवव्या भोकापाशी दोन गडी काळी माती खणत होते. मी म्हटलं, "ती जागा कोण लावणार?"

"ठेकेदार आहे. तयार गवताच्या पट्ट्या आणून टाकेल."

"आम्ही जाळली, आम्ही लावू. मजुरी नको. तुमच्या लोकांनी आमचं काही खाल्लं नाय, म्हणजे देणं आमच्याकडंच हाय."

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "ठेकेदाराला बोलते. पण आजी, कामाची माणसं मागच्या गेटानं."

"माहीत हाय."

"काकांना घेऊन या. त्यांच्याइतकं ती ग्रीन कुणाला माहीत नाही."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा 'पण' न घालता सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्हालाबी बोलावलंय. सांगायला नुसतं."

"कुठल्या गेटानं?"

"मागच्या," मी म्हटलं.

"तू जा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "मी चौतीस वर्षं गेलो तिकडनं. आता नाय जाववत."

त्या रात्री जेवणानंतर मात्र ते परड्यातून हरळीच्या कांड्या खुडून घेऊन आले, एका घमेल्यात माती कालवली आणि मला समोर बसवलं. "बघ. भातासारखी मूठ नाय लावायची. एकच कांडी. दोन डोळे मातीत, एक वर. चार बोटांवर दुसरी. अंगठ्यानं दाबायची, टाच लावायची नाय." मी लावली. "खोल गेली." मी परत लावली. "तिरकी कर, नदीकडचा वारा असतो." आयुष्यभर मी ह्या माणसाला काम सांगत आले. त्यांनी मला काही शिकवायची ती पहिलीच वेळ, आणि शिकवताना त्यांचा आवाज वेगळा लागतो हे मला साठीत कळलं.

शिमगा झाल्यावर मी, इंदुबाई आणि गावातल्या सातजणी, बारा दिवस मागच्या गेटानं गेलो. हैबतराव पाणी मारायला होते. ठेकेदाराचा माणूस पहिल्या दिवशी हसत होता, तिसऱ्या दिवशी खाली बसून बघायला लागला. रोज संध्याकाळी हे विचारायचे, आज किती झालं, माती कशी होती, पाणी सकाळी देतात का दुपारी. दुपारी देतात म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती मृणाली मॅडमला दिली. दुसऱ्या दिवसापासून पाणी सकाळी.

त्यानंतर मी दर मंगळवारी बेणणीला जाते. कुणी बोलावलेलं नाही, कुणी अडवतही नाही. कर्नलांचं पत्र आलं होतं कमिटीला, आमच्या बाजूनं, चार पानी. कमिटीनं त्याला सही-शिक्क्याचं उत्तर दिलं, की पत्र मिळालं.

वैशाखातल्या एका मंगळवारी मी परत आले तेव्हा हे ओट्यावर बसलेले. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "भरली तुमची नववी. सगळी हिरवीगार. काळं कुठं दिसत नाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वैशाखात हरळी एवढी हिरवी नसते. खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. नदीकडच्या बाजूला दोन टक्कल आहेत, एक तळहाताएवढं, एक ताटलीएवढं. मधल्या पट्ट्यात पिवळट आहे. आतली बाजू मात्र धरली आहे, तिथं कांडीला कांडी भिडली, पहाटेचं दव उन्हं चढेपर्यंत राहतं आणि चालताना तळव्याला थंड लागतं. एक लव्हाळा होता, तो काढला. भोकाजवळ मुंग्यांनी माती वर काढली आहे, ती झाडली नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय झाडू नये असं वाटलं.

"नको झाडू," ते म्हणाले. "आपोआप बसते." जरा सरकून त्यांनी ओट्यावर मला जागा केली. "आणि आठव्याचं काय? आठव्याचंबी सांग."

आठव्याकडं मी पाहिलंच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं, आणि पुढच्या मंगळवारी बघून येते म्हटलं.